मात्रा तीच, तरी रेसिड्युअल क्लोरीन पुन्हा पुन्हा का घसरतो? ब्लीचिंग पावडरीची तपासणी गोदामापासून

पाणी शुद्धीकरणासाठी ब्लीचिंग पावडर वापरणाऱ्यांकडून एक तक्रार जवळपास ठरलेल्या शब्दांत ऐकू येते. पाणी तेवढेच आहे, पावडर मोजून तेवढीच घातली जाते, द्रावण पाण्यात सोडणाऱ्या डोसिंग पंपाचा वेगही बदललेला नाही, आणि तरीही शेवटच्या नळावरचा रेसिड्युअल, म्हणजे पाण्यात शिल्लक राहिलेला क्लोरीन आठवड्यागणिक खाली येत अखेर शून्यावर जातो. मात्रा वाढवली की चार दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच सुरू होते. पुढे नवी खेप येते, रीडिंग आपोआप जागेवर येते, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकल्यामुळे कारणाचा शोध तिथेच थांबतो. दोन-तीन महिन्यांनी ही तक्रार परत येते, ती याचमुळे.

अशा वेळी पहिला संशय पाण्यावर घेतला जातो आणि दुसरा पंपावर. माझा अनुभव असा की, जी घसरण खेपेबरोबर येते आणि खेपेबरोबर जाते, तिचे मूळ बहुतेक वेळा पोत्यात असते. त्यामुळे पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत धाडण्याआधी पावडरीतला उपलब्ध, म्हणजे जंतू मारायला प्रत्यक्ष कामी येणारा क्लोरीन मोजावा, असे मी आग्रहाने सांगतो. या तपासणीला अर्धा तास पुरतो, आणि पुढचे कित्येक दिवस वाचतात.

त्याआधी घसरणीची तऱ्हा ओळखून घ्यावी, कारण निदान निम्मे तिथेच होते. साठा जुना होत जाईल तशी हळूहळू घसरण होत असेल आणि नव्या खेपेबरोबर ती थांबत असेल, तर दोष पावडरीत किंवा साठवणीत आहे. सकाळी द्रावण ताजे असताना रीडिंग ठीक आणि संध्याकाळी कमी येत असेल, तर द्रावणाची टाकी तपासावी. ती उघडी असेल, उन्हात असेल किंवा तिच्यात लोखंडाचे वा तांब्याचे भाग असतील, तर प्रकाश आणि हे धातू हायपोक्लोराइटचे विघटन वेगाने घडवतात. टाकीपाशी रीडिंग उत्तम आणि फक्त दूरच्या टोकाला शून्य येत असेल, तर क्लोरीन वाटेत, म्हणजे वाहिनीतल्या गाळात आणि शेवाळात खर्च होत आहे. आणि पाऊस पडून पाणी गढूळ झाले की एका दिवसात रीडिंग कोसळत असेल, तर पाण्याचीच क्लोरीनची मागणी वाढलेली असते. पहिला प्रकार सर्वांत अधिक आढळतो आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते, म्हणून पुढचे बरेचसे लेखन त्याच्याविषयी आहे.

पावडर म्हणजे नेमके काय

ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी कोरड्या विरलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून ही पावडर बनवण्याच्या कृतीचे पेटंट १७९९ साली घेतले. कापड पांढरे करणे हा तेव्हाचा तिचा उपयोग होता आणि शालेय पुस्तकांतले ‘विरंजक चूर्ण’ हे नाव त्यावरूनच आले आहे. ही पावडर म्हणजे एकच शुद्ध संयुग नसून कॅल्शियम हायपोक्लोराइट, कॅल्शियम क्लोराइड आणि न वापरला गेलेला चुना यांचे मिश्रण असते. जंतू मारण्याचे काम यांतले पहिलेच करते. कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेते आणि चुना पाण्यात गाळ म्हणून बसतो. नावांतल्या साम्यामुळे मागणीपत्रात ‘कॅल्शियम क्लोराइड’ लिहिले गेल्याचे मी एकदा पाहिले आहे. त्या पदार्थात उपलब्ध क्लोरीन शून्य असतो, त्यामुळे तो कितीही घातला तरी एकही जंतू मरत नाही.

ताज्या ब्लीचिंग पावडरीत साधारण ३३ ते ३५ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. उष्ण हवामानात टिकावी म्हणून जिच्यात जादा चुना मिसळलेला असतो, ती टीसीएल पावडर याच गटातली. दुसरा प्रकार म्हणजे उच्च क्षमतेचे कॅल्शियम हायपोक्लोराइट, ज्यात ६५ ते ७० टक्के उपलब्ध क्लोरीन असतो आणि जे दाणेदार किंवा गोळ्यांच्या रूपात मिळते. दोन्ही प्रकार हवेला उघडे राहिले की खराब होतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल मिळून हायपोक्लोराइटचे कार्बोनेटात रूपांतर करतात आणि मोकळा झालेला क्लोरीन उडून जातो. उष्णतेने वेगळी क्रिया होते. काही भाग प्राणवायू सोडून साध्या क्लोराइडमध्ये बदलतो, तर काहीचे क्लोरेट बनते, आणि दोन्ही निर्जंतुकीकरणाच्या दृष्टीने निकामी असतात. पोत्याचे वजन मात्र फारसे बदलत नाही, ओल धरल्यामुळे उलट थोडे वाढूही शकते. म्हणून तराजूला यातले काहीच कळत नाही.

गोदामाचे दार उघडताच क्लोरीनचा उग्र वास नाकात गेला की पावडर ‘चांगली कडक’ आहे, असे मानण्याची पद्धत आहे. खरे तर उलट आहे. नाकाला जाणवणारा क्लोरीन पोत्यातून निघून गेलेला असतो. भिंतीवरचे खिळे, दाराची बिजागरी आणि बल्बचा होल्डर गंजून तांबूस झालेले दिसले, तर गळती बऱ्याच दिवसांपासून सुरू आहे असे समजावे.

अर्ध्या तासाची तपासणी

पावडरीचा नमुना पोत्याच्या तोंडाशी न घेता मधल्या भागातून, तीन-चार पोत्यांतून थोडा थोडा घ्यावा आणि एकत्र करून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवावा. त्यातली १० ग्रॅम पावडर खलात थोड्या पाण्याबरोबर घोटून गुठळ्या मोडाव्यात आणि एकूण द्रावण १ लिटर करावे. त्यातले २५ मिलिलिटर पिपेटने घेताना बाटली चांगली हलवून गढूळ द्रावणच घ्यावे. निवळी घेतली तर आकडा चुकतो आणि नवशिक्यांची पहिली चूक बहुधा हीच असते. त्यात एक-दोन ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि मग ॲसेटिक आम्ल घालावे. द्रावण चटकन गडद तपकिरी होते. आता ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या तोटीच्या काचनळीतून, ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट सोडत जावे. तपकिरी रंग उतरत फिकट गवती पिवळा झाला की स्टार्चचे काही थेंब टाकावेत, म्हणजे निळा रंग येतो, आणि तो निळा रंग ज्या थेंबाला नाहीसा होईल तिथे थांबावे. स्टार्च सुरुवातीलाच घातले तर निळा रंग चिकटून राहतो आणि शेवटचा थेंब नेमका कळत नाही.

या प्रमाणांत २५ मिलिलिटर द्रावणात पाव ग्रॅम पावडर असते आणि थायोसल्फेटचा प्रत्येक मिलिलिटर ३.५४५ मिलिग्रॅम क्लोरीनची नोंद देतो. त्यामुळे ब्युरेटच्या रीडिंगला १.४१८ ने गुणले की उपलब्ध क्लोरीनची टक्केवारी थेट मिळते. ३३ टक्क्यांच्या पावडरीला सुमारे २३.३ मिलिलिटर थायोसल्फेट लागते, तर २० टक्क्यांच्या पावडरीला सुमारे १४.१ मिलिलिटर.

या कामाला मी नवा असताना आमच्याकडे १ लाख लिटरची टाकी होती आणि प्रति लिटर २ मिलिग्रॅम, म्हणजे टाकीला २०० ग्रॅम क्लोरीन देण्याचा हिशेब होता. ३३ टक्क्यांच्या पावडरीने त्याला साधारण ६०० ग्रॅम लागतात आणि भिंतीवरच्या तक्त्यावर तोच आकडा रंगवलेला होता. प्रत्यक्षात रीडिंग टिकवण्यासाठी आम्ही हळूहळू १ किलोवर, मग १ किलो ३०० ग्रॅमवर गेलो होतो आणि त्याचे खापर पाण्यावर फोडत होतो. एके दिवशी पावडर तपासली, तर ब्युरेट १०.६ मिलिलिटरवर थांबले. म्हणजे पावडर १५ टक्क्यांवर आली होती आणि २०० ग्रॅम क्लोरीनसाठी १ किलो ३३० ग्रॅमच लागणार होते. न मोजता, केवळ अंदाजाने चाचपडत आम्ही जवळपास त्याच आकड्याला पोहोचलो होतो. पोती फिल्टरच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीशी, थेट जमिनीवर रचलेली होती, आणि ती भिंत कायम दमट असे. पोती लाकडी फळ्यांवर चढवून, भिंतीपासून हातभर दूर, हवेशीर आणि कोरड्या खोलीत हलवली. त्यानंतरच्या खेपेला घसरण झाली, पण ती आठवड्यात जाणवणारी नव्हती.

ज्यांच्याकडे ब्युरेट नाही, त्यांना हॉरॉक्सच्या पेटीचा उपयोग होतो. सहा पांढऱ्या कपांतल्या पाण्यात पावडरीच्या द्रावणाचे एक ते सहा थेंब क्रमाने टाकतात आणि अर्ध्या तासाने स्टार्च-आयोडाइड घातल्यावर जो पहिला कप स्पष्ट निळा होतो, त्याचा क्रमांक पाहतात. तिसरा कप असेल तर ४५५ लिटर पाण्याला २ ग्रॅमचे तीन चमचे, म्हणजे ६ ग्रॅम पावडर लागते. या जुन्या पद्धतीची एक खुबी सहसा ध्यानात येत नाही. ती हातात असलेल्याच पावडरीने केली जात असल्यामुळे पावडरीचा कमकुवतपणा आणि पाण्याची मागणी या दोन्हींचा हिशेब एकदमच होतो. दोष दोघांपैकी कुणाचा हे मात्र ती सांगत नाही, म्हणून निदानासाठी मी टायट्रेशनलाच, म्हणजे वर सांगितलेल्या ब्युरेटच्या तपासणीलाच, पसंती देतो.

पंप चोंदण्याचा या सगळ्याशी संबंध

रेसिड्युअल घसरणे आणि डोसिंग पंपाचा व्हॉल्व्ह चोंदणे या दोन तक्रारी वेगवेगळ्या वह्यांत नोंदल्या जातात, पण अनेकदा त्या एकाच दुखण्याच्या दोन बाजू असतात. पावडरीतला क्लोरीन उडून गेला तरी चुना आणि कार्बोनेट जागेवरच राहतात. १५ टक्क्यांची पावडर दुपटीहून अधिक घालावी लागते, तेव्हा टाकीत तेवढा जास्त गाळही जातो. त्यात विरघळवण्यासाठी वापरलेले पाणी जड असेल, तर द्रावणाच्या अल्कधर्मीपणामुळे पाण्यातल्याच बायकार्बोनेटाचे कार्बोनेट होऊन नळीच्या आतल्या बाजूला पांढरा थर धरतो. व्हॉल्व्ह चोंदला की मात्रा कमी जाते, रेसिड्युअल आणखी घसरते, कुणीतरी पावडर आणखी वाढवते आणि हे चक्र चालू राहते.

यावर उपाय जुनाच आहे आणि तो टाळण्याचेच प्रमाण मोठे आहे. द्रावणासाठी दोन टाक्या ठेवाव्यात. एकीत रात्री द्रावण करून गाळ बसू द्यावा आणि सकाळी तळापासून काही अंतर वर बसवलेल्या तोटीतून फक्त निवळी दुसऱ्या टाकीत घ्यावी. पंपाची शोषण नळी तळाला टेकलेली नसावी. टाक्या झाकणाच्या आणि प्लास्टिकच्या असाव्यात. द्रावण एक-दोन दिवसांत संपेल एवढेच करावे.

थर काढण्यासाठी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात आणि अपघात नेमके इथे होतात. नळीत किंवा पंपाच्या डोक्यात हायपोक्लोराइट शिल्लक असताना आम्ल पोहोचले, की क्लोरीन वायू क्षणात बाहेर येतो. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्याने खाली, म्हणजे वाकून काम करणाऱ्याच्या तोंडाशी साचतो. कार्यस्थळाच्या अमेरिकी मर्यादांनुसार हवेत दहा लाख भागांत १ भाग क्लोरीन ही क्षणभरही न ओलांडण्याची कमाल पातळी आहे आणि १० भागांना जिवाला तत्काळ धोका मानला जातो. म्हणून आधी पंप सुटा करून साध्या पाण्याने भरपूर धुवावा, वास पूर्ण गेल्याची खात्री करावी, आणि मगच तो उघड्यावर आम्लात बुडवावा. परत जोडण्याआधीही तो तितकाच धुवावा. ‘आम्ल नको म्हणून व्हिनेगर वापरले’ असे सांगणारे भेटतात, पण व्हिनेगरही आम्लच आहे.

पावडर चांगली निघाली तर

टायट्रेशनमध्ये पावडर ३० टक्क्यांच्या वर निघाली, तर पाण्याकडे वळावे. विरघळलेले लोह असेल तर प्रत्येक मिलिग्रॅम लोह सुमारे ०.६४ मिलिग्रॅम क्लोरीन खाते, आणि मँगनीज त्याच्या दुपटीने. अमोनिया हा सर्वांत फसवा. त्याच्याशी जोडला जाऊन क्लोरीन क्लोरामीनच्या रूपात अडकतो, मुक्त, म्हणजे असा न अडकलेला क्लोरीन दिसत नाही आणि मात्रा थोडी वाढवली तर रीडिंग वाढण्याऐवजी कमी होते. हिशेबाने अमोनियातल्या नायट्रोजनच्या ७.६ पट वजनाचा क्लोरीन गेल्यावर हा अडथळा संपतो. प्रत्यक्षात दहा पटींच्या आसपास लागतो. मुक्त क्लोरीन आणि एकूण क्लोरीन वेगवेगळे मोजले तर ही गोष्ट लगेच उघडी पडते.

मोजमापातली एक चूक इतकी विलक्षण आहे की ती प्रत्येकाने एकदा मुद्दाम करून पाहावी. क्लोरीन मोजण्यासाठी वापरतात त्या डीपीडी गोळीने क्लोरीन असलेले पाणी गुलाबी होते, पण क्लोरीन फार जास्त असेल तर तो गुलाबी रंगच विरंजित होतो आणि नळीतले पाणी स्वच्छ दिसते. तपासणारा ‘शून्य’ लिहितो आणि पावडर आणखी घालतो. गोळी पडताच गुलाबी छटा चमकून नाहीशी झाली, किंवा पाण्याला क्लोरीनचा वास आहे पण रीडिंग शून्य, असे दिसले, तर नमुना दहापट सौम्य करून पुन्हा मोजावा.

पीएचकडेही पाहावे. ७.५ च्या आसपास मुक्त क्लोरीनपैकी साधारण निम्मा भाग प्रभावी हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतो, तर ८.५ ला तो दहाव्या हिश्श्यावर येतो. डीपीडीला दोन्ही रूपे सारखीच दिसतात, त्यामुळे रीडिंग तेच राहते आणि काम मात्र कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पीएच ८ च्या खाली असताना किमान ३० मिनिटांच्या संपर्कानंतर ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर मुक्त क्लोरीन असावा अशी आहे, आणि ग्राहकाच्या नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम राहावा असे ती सांगते. पिण्याच्या पाण्यात क्लोरीनची तिची कमाल मार्गदर्शक पातळी ५ मिलिग्रॅम आहे.

खेप घेताना आणि ठेवताना

दोष पावडरीतच निघाला, तर पुढची खेप मागवताना तीन अटी लेखी घालाव्यात. प्रत्येक पोत्यावर किंवा ड्रमवर बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख असावी, त्या बॅचचा तपासणी अहवाल सोबत यावा, आणि पोहोचतानाच्या उपलब्ध क्लोरीनची किमान टक्केवारी ठरलेली असावी. कारखान्यातून निघतानाची टक्केवारी पुरत नाही, कारण उन्हात उभ्या राहिलेल्या वाहनातही मालाची ताकद उतरते. खेप उतरवून घेण्याआधी टायट्रेशन करावे आणि टक्केवारी व तारीख पोत्यावरच जाड अक्षरात लिहावी. जुना माल आधी संपवावा आणि तीन महिन्यांहून अधिक साठा करू नये. एकदा मोठी खरेदी करून वाचवलेले पैसे पोत्यांतून उडून गेलेले मी बघितले आहेत.

३३ टक्क्यांची पावडर घ्यावी की ६५ टक्क्यांची, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. दुसरीत गाळ कमी, साठवण कमी आणि टिकाऊपणा अधिक, म्हणून पंप वारंवार चोंदत असेल तर मी तिच्याकडे झुकतो. पण ती अधिक तीव्र ऑक्सिडीकारक आहे. ३९ टक्क्यांहून अधिक उपलब्ध क्लोरीन असलेले कोरडे कॅल्शियम हायपोक्लोराइट धोकादायक मालाच्या वाहतुकीत यूएन १७४८ या क्रमांकाने, ऑक्सिडीकारकांच्या वर्ग ५.१ मध्ये येते, सजल प्रकाराला २८८० आणि १० ते ३९ टक्क्यांच्या कोरड्या मिश्रणांना २२०८ हे क्रमांक आहेत. मोठ्या ढिगात आतल्या आत तापून विघटनाचा वेग वाढत जाऊ शकतो, आणि मालवाहू जहाजांवर या मालाने आगी लागल्याचा इतिहास आहे. म्हणून उंच थप्पी, बंद पत्र्याची खोली आणि थेट ऊन तिन्ही टाळावीत. खोलीत तेल, ग्रीस, डिझेल, रंग, लाकडाचा भुसा, अमोनियायुक्त खते किंवा आम्लाचे कॅन यांपैकी काहीही नसावे. तुरटीही शेजारी ठेवू नये, कारण तिचा आम्लधर्म ओल लागली की आपले काम करतो. जलतरण तलावांसाठी मिळणारे ट्रायक्लोर याच्यात मिसळल्यास स्फोटक नायट्रोजन ट्रायक्लोराइड बनू शकते, त्यामुळे दोन्हींसाठी एकच चमचा वापरणेही धोक्याचे आहे.

६५ टक्क्यांच्या प्रकारात नेहमी पाण्यात पावडर सोडावी, पावडरीवर पाणी ओतू नये. चमचा प्लास्टिकचा आणि कोरडा असावा, आणि सांडलेली पावडर पुन्हा ड्रममध्ये टाकू नये. हाताळताना चष्मा, रबरी हातमोजे आणि धुळीचा मास्क लावावा. डोळ्यांत गेल्यास किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवून मग डॉक्टरकडे जावे. आग लागलीच तर भरपूर पाणी मारावे. अमोनियम फॉस्फेटची कोरडी पावडर असलेले अग्निशामक इथे वापरायचे नाही आणि ते त्या खोलीच्या दाराशी टांगूही नये, कारण घाबरलेला माणूस हाताला लागेल तेच उचलतो.

तपासणीत १५ टक्क्यांच्या खाली गेलेली पोती पिण्याच्या पाण्यासाठी बाजूला काढावीत आणि मोकळ्या हवेत, मोजून वाढवलेल्या मात्रेने गटारे आणि फरशा धुण्यासाठी लवकर संपवावीत. नव्या पोत्यांत ती मिसळून ‘सरासरी’ काढण्याचा मोह होतो, पण तसे केले की पुढच्या टायट्रेशनच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.